भरलेलं वजा रिकामं

डिमेलो सर गोदीत क्रेन चालवायचे, तेहतीस वर्षं.
आता वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट कॉलनीत
बॅडमिंटनचं नेट गुंडाळून ठेवतात
आणि मंगळवार-शुक्रवार कराटे शिकवतात.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
चौघांशी कुणी लढत नाही गं.
सिनेमात लढतात, कारण तिथे तिघे थांबतात.
आपल्याला ते थांबवावे लागतात.

कसे?

रांग लाव त्यांची. रेशनला लागते तशी.
मधे उभी राहू नकोस. कडेला सरक, अजून कडेला.
पहिल्याच्या खांद्याआड दुसरा जाईल,
दुसऱ्याच्या पाठीमागे तिसरा.
मग तुझ्यासमोर एकच गिऱ्हाईक.

मी दारुखान्यात वजनकाट्यावर बसते.
भंगाराचा ट्रक रिकामा येतो, भरून जातो,
भरलेल्यातून रिकामं वजा करून मी पावती फाडते.
माणूस अंगावर येतो तेव्हा त्याचं सगळं वजन
पुढच्या पायात असतं,
हे सरांनी सांगायच्या आधीच मला माहीत होतं.

सरावात मला नेहमी चौथी करायचे, बुटकी म्हणून.
मेहेरांचा दिगंबर पहिला, फरझाना दुसरी,
तिसरा कुणीतरी बदलता,
आणि मी सगळ्यांच्या मागे, हात अर्धवट वर,
पाळी येईपर्यंत पंख्याकडे बघत.
चौथ्याला काय वाटतं ते मला तिथे कळलं.
चौथ्याला घरी जायचं असतं.

मार्चअखेर. हिशेब जुळेना, साडेनऊ वाजले.
रे रोडला, सिमेंटच्या गोदामाच्या भिंतीपाशी, ते होते.
चार. मोजले, सवयीनं.
एकाने नाव विचारलं,
दुसऱ्याने माझ्या वतीनं उत्तर दिलं, हसले.
पिशवी ओढली गेली.
पिशवीत डबा, डब्यात उरलेली गवार.

लिहिताना वाटतं मी फार काही केलं.
मी सरकले.
भिंत सोडून, उभ्या ट्रेलरच्या कडेकडेनं,
आणि खरंच, सर, रांग लागली.
पहिला वाकून आला. भरलेला.
मी बाजूला झाले, कोपर मारलं मानेखाली,
तो ट्रेलरच्या चाकावर रिकामा झाला.
दुसरा त्याच्यावर अडखळला,
माझा गुडघा मी मारला की त्याला लागला, ठाऊक नाही.
तिसऱ्याने वेणी धरली.
वेणीचं वर्गात कधीच कुणी शिकवलं नव्हतं.
डोळ्यांत पाणी आलं. मी वेणीच्या मागोमाग गेले,
त्याच्याच दिशेनं, उलटी,
आणि डोक्याच्या मागच्या अंगानं त्याचं नाक शोधलं.
शिकवलेली आरोळी तोंडातून निघालीच नाही.
"आई गं" निघालं.
तेही चाललं.

मग मी आणि चौथा.
पोरगा. मिसरूडही धड नाही.
एका चपलेचा पट्टा सेफ्टीपिनेनं जोडलेला.
हात अर्धवट वर.
पंखा नव्हता, म्हणून तो रस्त्याच्या दिव्याकडे बघत होता.
मी म्हटलं, जा.
तो गेला.
मीही पळाले, उलट्या बाजूला.
जिंकल्यासारखं वाटत असताना पळणं,
सर सगळ्यात शेवटी शिकवतात.

चौकीत हवालदारानं विचारलं, किती होते, तीन की चार?
पेन थांबलेलं.
मी म्हटलं, तीन आणि एक.
त्यानं चार लिहिलं.

शुक्रवारी वर्गात सांगितलं.
सरांनी टाळ्या वाजवू दिल्या नाहीत.
विचारून माझी वेणी हातात घेतली
आणि सगळ्यांना म्हणाले, आज हे.
घाम पुसताना हळूच विचारलं, हात थरथरतो का?
पावती लिहिताना, मी म्हटलं. पाच सहासारखा दिसतो.
मग काटा दोनदा वाचत जा, म्हणाले.

डबा गेला. झाकण सापडलं सकाळी,
ट्रेलर जिथे उभा होता तिथे, पार चपटं.
आई त्यानं दुधाचं पातेलं झाकते.